कंपवाताच्या रुग्णाला बाजेवर बसवून ठेवू नका

जूनच्या अखेरीस लाखनी तालुक्यातल्या एका खेड्यातून एक शेतकरी गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. वय अडुसष्ट. सोबत मुलगा आणि सून. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान केलेले होते आणि गोळ्या नियमित सुरू होत्या. तक्रार अशी की गोळ्या घेऊनही अंग दिवसेंदिवस जखडत चालले आहे.

मी विचारले, "काकाजी, दिवसभर काय करता?"

त्यांच्याआधी सूनबाईच बोलल्या, "काहीच करू देत नाही जी आम्ही. मामाजींना पाण्याचा लोटासुद्धा हातात आणून देतो. सकाळी सपरीत बाज टाकतो, दिवसभर तिथंच असतात."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते आणि ते खोटे नव्हते. सासऱ्याची एवढी देखभाल करणारी घरे आता मोजकीच. पण काकाजी मान खाली घालून पुटपुटले, "बसून बसून लाकूड झालो जी."

त्यांच्या तक्रारीचे उत्तर त्या एका वाक्यात होते. कंपवातात औषधाइतकीच शरीराची हालचाल महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच प्रेमापोटी काढून घेतली जाते. या विषयावर लिहायचे बरेच दिवस मनात होते.

आधी आजार थोडक्यात समजून घेऊ. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांतही कंपवाताचा उल्लेख आहे. मेंदूच्या खोल भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सफाईने चालू ठेवणे आणि थांबवणे यासाठी हे रसायन लागते. या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरू लागतो तोवर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात.

थरथर हे सर्वांना ठाऊक असलेले लक्षण. पण बऱ्याच रुग्णांना थरथर नसतेच. त्यांची हालचाल मंदावते, अंग ताठरते, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव हरवतात, आवाज खोल जातो. खांदा दुखतो म्हणून वर्षभर खांद्याचेच उपचार घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. कित्येकांना त्याच्या कितीतरी आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ सुरू होते, झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे सुरू होते. बायकांच्या बाबतीत तर निदान आणखी उशिरा होते. सासूबाईंना भाकर थापायला वेळ लागू लागला की घरात म्हणतात, म्हातारी आळशी झाली. तुमसरकडच्या एका बाईंना मी पाहिले तेव्हा दोन वर्षे त्या हे ऐकून घेत होत्या.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. तीस वर्षांपूर्वी मी नुकता दवाखाना थाटला होता, तेव्हा एक निवृत्त शिक्षक कंपवात घेऊन माझ्याकडे येत. रोज सकाळी ते खांब तलावापर्यंत फिरायला जात. एकदा वाटेत तोल जाऊन पडले, गुडघा फुटला. घरच्यांनी विचारले, फिरणे बंद करू का? मी म्हणालो, "करा, आता आराम करू द्या." मला वाटले मी शहाणपणाचा सल्ला दिला. वर्षभरात त्यांना खुर्चीतून उठता येईना, दीड वर्षात अंथरुणाला खिळले, पाठीला जखमा झाल्या आणि शेवटी छातीत कफ साठून गेले. आजार वाढलाच असता, हे खरे. पण एवढ्या लवकर नाही, असे मला आज वाटते. पडू नये म्हणून बसवले, आणि बसवल्यामुळे पायांतली उरलीसुरली ताकदही गेली. त्या काळी या रोगात व्यायामाचे एवढे महत्त्व आम्हाला कोणी शिकवले नव्हते, ही सबब आहेच. पण ती त्यांच्या मुलांना सांगायला मी कधी गेलो नाही.

आज मात्र सबब नाही. गेल्या पंधरा वर्षांत यावर चांगले अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत १२८ नव्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना चालत्या पट्ट्यावर, धाप लागेल इतक्या जोराने, आठवड्यातून चार दिवस चालवले. सहा महिन्यांनंतर या गटाचा आजार, हालचालींच्या तपासणीत, जवळजवळ होता तिथेच होता. जे नेहमीसारखे राहिले त्यांचा वाढला होता. नेदरलँड्समध्ये १३० रुग्णांना घरीच जागेवरची सायकल देऊन सहा महिने चालवायला लावली. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा हे रुग्ण चांगले राहिले. तो अहवाल २०१९ चा. आणि २०१२ साली अमेरिकेतच १९५ रुग्णांवर असे दिसले की ताई ची हा संथ, तोल सांभाळण्याचा चिनी व्यायाम करणारे इतरांपेक्षा कमी वेळा पडतात.

यातून मेंदूच्या पेशी मरणे थांबते असे मात्र सिद्ध झालेले नाही. तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण चालणे, वळणे, उठणे, तोल, झोप, पोट साफ होणे आणि मनाची उभारी या सर्वांवर फरक पडतो, हे मी माझ्या रुग्णांमध्ये पाहतो. उदासी ही या आजाराची सावलीच आहे, आणि बाजेवर पडून राहणाऱ्याला ती आधी गाठते.

काकाजींकडे परत येतो. मी त्यांना खुर्चीतून उठून दारापर्यंत चालायला सांगितले. उठायला तीन प्रयत्न लागले, पण चालले ठीक. दाराच्या चौकटीपाशी मात्र पाय फरशीला चिकटल्यासारखे झाले. टाचा उचलेनात, वरचे अंग पुढे झुकले. मुलाने लगेच दंड धरून ओढायला सुरुवात केली. मी त्याला थांबवले. अशा वेळी ओढले की वरचे अंग पुढे जाते, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो.

"काकाजी, थांबा. श्वास घ्या. हा उंबरठा नाही, बांधीचा धुरा आहे. तो ओलांडायचा." त्यांनी क्षणभर खाली पाहिले, उजवा पाय चांगला उंच उचलला आणि पार झाले. सूनबाई थक्क होऊन बघत राहिल्या. यात माझी काही जादू नाही. चालणे हे आपण विचार न करता करतो. ते काम मेंदूचा जो भाग आपोआप करतो, तोच या रोगात दुबळा होतो. पण समोर ओलांडायला काही दिसले, किंवा कानावर ताल पडला, तर मेंदू दुसऱ्या वाटेने, जाणूनबुजून, तेच काम करून घेतो. म्हणून अशा घरात दाराजवळ आणि संडासाच्या वाटेवर एकेका पावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या रंगवून घ्याव्या. गेरू चालेल, रंगीत चिकटपट्टी चालेल. पाय अडला की आधी पूर्ण थांबायचे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचे आणि मग "एक" म्हणून मोठे पाऊल टाकायचे. वळताना जागच्या जागी गिरकी नको. बैलगाडी वळवतो तसा मोठा फेरा घ्यावा.

या दुसऱ्या वाटेचे एक गाजलेले उदाहरण आहे. नेदरलँड्समध्ये डॉ. बास ब्लूम यांच्याकडे ५८ वर्षांचा एक रुग्ण होता, दहा वर्षांपासून आजारी. दोन-चार पावले चालला की पाय जखडून पडायचा. तो म्हणाला, मी सायकल चालवतो. डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्याला सायकल दिली, तर तो सरळ चालवत गेला, वळला आणि परत आला. उतरल्यावर पुन्हा पाऊल टाकता येईना. २०१० साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्याची चित्रफीत पाहिली. मीही पाहिली, दोनदा.

आपल्या जिल्ह्यात सायकल अजून घरोघरी पडलेली असते. रस्त्यावर चालवा असे मी सांगत नाही, वाहने फार झाली. पण जुन्या काळ्या सायकलीचे मागचे स्टँड लावले की चाक जमिनीवरून उचलले जाते आणि जागेवर पायडल मारता येते. पुढचे चाक भिंतीच्या कोपऱ्यात अडकवून पक्के बांधावे, सीट खाली घ्यावी आणि चढता-उतरताना घरचा एक माणूस धरायला असावा. सायकलची सवय नसलेल्या बायांसाठी खुर्चीत बसून मारायचे पायडल बाजारात मिळते. तेही चांगले.

तालाची गोष्ट सांगितली, त्यावरून पुण्याचे काम आठवले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा एक गट आहे. मधुसूदन शेंडे आणि शरच्चंद्र पटवर्धन यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. तेथे रुग्णाला रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. शब्द ऐकताना मला आधी जरा अलंकारिक वाटले होते. पण "पेशंट" म्हटले की माणूस आपोआप आडवा होतो, त्यापेक्षा बरे. या रुग्णांसाठी हृषीकेश पवार या नर्तकाने २०१० च्या सुमारास नृत्याचे वर्ग सुरू केले. पवार कथक शिकलेले आणि पुढे जर्मनीत आधुनिक नृत्याचे शिक्षण घेऊन आलेले. साठी-सत्तरीची माणसे, आयुष्यात कधी न नाचलेली, संगीताच्या तालावर हात पसरतात, पाय उचलतात, एकमेकांकडे बघून वळतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून असेच वर्ग चालवले आहेत. मुंबईतही त्याच वर्षी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिने ठिकठिकाणी रुग्णांचे मेळावे व व्यायामवर्ग सुरू केले.

नाचाचा फायदा असा की त्यात ताल आहे, मोठी हालचाल आहे, तोल आहे, पुढची पायरी लक्षात ठेवणे आहे आणि चार माणसांत मिसळणे आहे. शेवटची गोष्ट क्षुल्लक समजू नका. हात थरथरतो, तोंडातून लाळ येते, म्हणून हे रुग्ण लग्नाला जात नाहीत, पारावर बसत नाहीत. पुण्याच्या वर्गात सगळ्यांचेच हात थरथरत असतात, तेव्हा लाजायचे कोणाला?

आमच्या झाडीपट्टीत तर दंडार आहे, भजन आहे, टाळ-मृदंग आहे. सत्तरीचा माणूस दंडारीत उतरेल असे नाही. पण भजनी मंडळात मागे उभे राहून टाळ वाजवत पाय हलवायला काय हरकत आहे? माझ्या एका रुग्णाला घरात चालताना अडखळायला होते, आणि काकडआरतीच्या फेरीत तो मंडळींबरोबर नीट चालतो. घरच्यांना हे ढोंग वाटे. "देवळात चालता येते, घरात येत नाही?" असे म्हणत. ते ढोंग नाही. टाळाचा ठेका त्याचे पाय उचलतो. आता त्याची नात घरात चालताना टाळ्या वाजवते.

रोज किती करावे असे सारेच विचारतात. आठवड्याला दीडशे मिनिटे हे साधारण प्रमाण, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. रमतगमत नव्हे; बोलता यावे पण गाता येऊ नये इतका दम लागला पाहिजे. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. नव्याने सुरू करणाऱ्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. चालताना पाऊल लांब टाकावे, टाच आधी टेकवावी, हात मुद्दाम हलवावे. या आजारात हालचाल आपोआप लहान होत जाते आणि रुग्णाला ते कळत नाही. त्याला वाटते मी पूर्ण हात उचलला, उचललेला असतो अर्धा. म्हणून घरच्यांनी "मोठे पाऊल" एवढेच आठवण करून द्यावे, शंभरदा "नीट चाल" म्हणू नये. खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, हा फार उपयोगी व्यायाम. त्यासाठी पाय मागे घ्यावे, नाक गुडघ्यांच्या पुढे आणावे आणि मग उठावे. खोल बाजेवरून उठणे कठीण जाते, म्हणून रुग्णाला बसायला लाकडी खुर्ची द्यावी. रोज वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचावे किंवा हरिपाठ खड्या आवाजात म्हणावा, तो घशाचा व्यायाम आहे. आणि घरातली कामे काढून घेऊ नयेत. दोरीवर कपडे वाळत घालणे, अंगण झाडणे, भाजी निवडणे, सारे चालेल. वेळ लागेल. लागू द्या. शर्टाची बटणे लावायला त्यांना दहा मिनिटे लागतात म्हणून तुम्ही ती लावून देता, ते तुमच्या घाईसाठी असते.

व्यायाम औषधाचा जोर असताना करावा. बहुतेकांना गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासाने अंग मोकळे होते, ती वेळ पकडावी. लिव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली बरी, कारण दूध, डाळ, अंडी, मांस यांतील प्रथिने तिला आतड्यातून रक्तात जाताना आडवी येतात. मळमळ होत असेल तर सोबत एखादे बिस्किट खावे. ही गोळी आपल्या मनाने कधीही एकदम बंद करू नये. अंग कडक होऊन, ताप चढून जिवावर बेतू शकते. उपवास असो की दुसऱ्या आजारासाठी रुग्णालयात भरती व्हावे लागो, तिथल्या डॉक्टरांना ही गोळी आहे हे आधी सांगा.

बसल्याचे एकदम उठल्यावर पुष्कळांचा रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उठल्यावर क्षणभर उभे राहून मग चालावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा फिरणे उजाडतानाच उरकावे आणि पाणी भरपूर प्यावे. सैल चपला घालू नयेत, मागून पट्टा असलेल्या घालाव्या. न्हाणीत भिंतीला पक्का दांडा बसवून घ्यावा, शेवाळ घासून काढावे. शीर्षासन वगैरे करू नये. वारंवार पडणाऱ्याने मोकळ्यावर एकट्याने व्यायाम न करता जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून, खुर्ची किंवा भिंत धरून करावा.

आणखी एक गोष्ट, आमच्या व्यवसायातल्या मंडळींना थोडी टोचेल. चक्कर येते म्हणून म्हाताऱ्यांना सिनारिझिन, उलटी होते म्हणून मेटोक्लोप्रामाइड महिनोन्महिने दिले जाते. या गोळ्यांनी हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे येतात आणि असलेला आजार वाढतो. बऱ्याच जणांचे गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत ओसरते. तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी दरवेळी डॉक्टरांपुढे ओता. खाजकुहिलीच्या बियांची पूड घेणाऱ्यांनी तीही दाखवावी; त्या बियांत खरोखरच लिव्होडोपा असते, त्यामुळे गोळीबरोबर घेतली तर मात्रा वाढते.

काकाजी परवा पुन्हा आले. सपरीतली बाज उभी करून भिंतीला लावली आहे, रात्रीच खाली येते. सकाळ-संध्याकाळ ते मुलाबरोबर गावाच्या तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन येतात, आणि वाटेत "एक-दोन, एक-दोन" मुलगाच म्हणतो. थरथर आहे तशीच आहे. पण खुर्चीतून पहिल्या झटक्यात उठले. सूनबाई म्हणाल्या, पहिले चार दिवस शेजारच्या बायांनी नावे ठेवली, आजारी माणसाला राबवते म्हणून.

जाताना काकाजींनी विचारले, "रोवणीला जाऊ का जी?" चिखलात पाय रुततो, ओल्या धुऱ्यावर तोल जातो, म्हणून बांधीत उतरायला मी नाही म्हटले. पण शेतावर जायला, कोरड्या जागेवर खुर्ची टाकून बसायला, पऱ्ह्यांच्या पेंढ्या हातात घेऊन मोजायला आणि मजुरांना हाक मारायला परवानगी दिली. हाक मात्र मोठ्याने मारायची, हे सूनबाईंनी माझ्या चिठ्ठीवर लिहून घेतले.